कसारा घाट आणि समृद्धी, दोन्हीवर चालणाऱ्या दहा टायरीला कोणते टायर? आणि ते जास्त कसे चालवायचे?

कांदा_खेप
नमस्कार मंडळी. गाडी दहा टायरी, आरसीवर एकूण वजन २८.५ टन. मार्ग ठरलेला आहे. पिंपळगाव किंवा लासलगावला कांदा भरायचा, कसारा घाट उतरून न्हावाशेवा, येताना मिळेल तो माल. महिन्यातून दोन-तीन खेपा सिन्नरजवळ समृद्धीला लागून नागपूर. सध्या सगळे १०.०० आर २० मापाचे, १६ प्लाय (टायरच्या ताकदीचा दर्जा), ट्यूबवाले रेडियल आहेत. पुढचा डावा टायर बाहेरच्या कडेला घासतोय. मागे जोडीतला आतला टायर बाहेरच्याच्या आधी संपतोय.

आता संच बदलायचा आहे. पुढे काय आणि मागे काय टाकू? हवा किती ठेवू? ट्यूबलेसवर जावं का? रिमोल्ड (घासलेल्या टायरवर नवी नक्षी चढवणं) करावं का? प्रत्येक दुकानदार वेगळं सांगतो, म्हणून इथे विचारतोय.

सातपूरकर
सिएटचा कारखाना आपल्या सातपूरला आहे. नाशिकच्या माणसाने दुसरीकडे कशाला बघायचं? :)

घाटमाथा
सातपूरकर, अभिमान आहेच. पण टायर निवडताना कंपनीचं नाव तिसऱ्या-चौथ्या नंबरवर येतं. आधी वजन.

कांदा_खेप, भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि आकडा लिहा. मग पूर्ण गाडी घ्या. वजाबाकी केली की मागच्या दोन ॲक्सलचं वजन मिळतं. पावतीवरचा एकूण आकडा टायरच्या कामाचा नाही, टायरला फक्त स्वतःवरचा भार कळतो.

आता टायरच्या बाजूवर बघा, १४६/१४३ के असं काहीतरी छापलेलं असेल. १४६ म्हणजे एकटा टायर ३,००० किलो घेतो. १४३ म्हणजे जोडीत बसवलेला प्रत्येक टायर २,७२५ किलो घेतो. के म्हणजे ताशी ११० किमीपर्यंत. २०१८ च्या जुलैत सरकारने ॲक्सलचं वजन वाढवून दिलं. पुढच्या ॲक्सलला ७ टन, मागच्या जोड-ॲक्सलला २१ टन. मागे आठ टायर आहेत. २१,००० भागिले ८ म्हणजे २,६२५ किलो, १६ प्लायच्या हद्दीत बसतं. पुढे मात्र दोन टायर मिळून ६ टनच घेतात. काट्यावर पुढे ६,४०० आले तर प्रत्येक टायर २०० किलो जादा उचलतोय, आणि तेही कायद्याने चालणाऱ्या वजनात. कायद्याने वजन वाढलं म्हणून रबराची ताकद वाढली नाही.

पुढे १८ प्लाय, १४९ क्रमांकाचा टाका. तो ३,२५० किलो घेतो, दोन मिळून साडेसहा टन. त्याला हवा जास्त लागते, पूर्ण भाराला १३५ पाउंडाच्या (पीएसआय) आसपास. तेवढा दाब तुमच्या रिमला चालतो का, ते रिमवरचा ठसा बघून ठरवा.

मालेगाव_नाका
घाटमाथा यांना अनुमोदन. सहा टायरीवाल्यांनीही हे गणित करून बघा. मागच्या एका ॲक्सलला ११.५ टन, टायर चार, म्हणजे टायरला २,८७५ किलो. १४३ क्रमांक २,७२५ लाच संपतो. तिथेही १८ प्लायच हवा.

लग_आणि_रिब
नक्षीबद्दल लिहितो. पुढच्या ॲक्सलला रिब, म्हणजे लांब सरळ खाचांचा. तो वळायला हलका जातो, गरम कमी होतो, पावसात पाणी बाहेर फेकतो. मागे ज्या ॲक्सलला ताकद जाते तिथे लग (आडव्या जाड ठोकळ्यांचा) किंवा सेमी-लग. लगचा रबर नवा असताना १८ ते २० मिमी खोल असतो, म्हणून सगळ्यांना तोच मोठा वाटतो. पण जाड रबर आतून गरमही जास्त होतो. तुमच्यासारखं काँक्रीटवर नागपूरपर्यंत सलग ८० ने जायचं असेल तर खोल लग टाकून पैसे जाळू नका, रस्त्यासाठी बनवलेला सेमी-लग घ्या. खोल लग दिंडोरी बाजूच्या खडीच्या खाणींतल्या गाड्यांना ठीक, जिथे वेग नाही आणि दगड आहेत.

मागचा दुसरा ॲक्सल नुसता ओझं वाहणारा असेल तर तिथेही रिब चालतो आणि लगपेक्षा जास्त दिवस जातो. दोन्ही ॲक्सलला ताकद जात असेल तर सगळीकडे एकच नक्षी आणि एकच घेर ठेवा.

पेठ_रोड
रेडियल-रेडियल सगळे म्हणतात, पण खराब रस्त्यावर नायलॉनला तोड नाही. बाजू जाड असते, दगड लागला तरी फाटत नाही, ओव्हरलोड सहन करतो, स्वस्तही पडतो. पेठकडे, सुरगाण्याकडे आतल्या रस्त्यांवर जाणाऱ्याने रेडियल टाकून बाजू फाडून घ्यायची का?

लग_आणि_रिब
पेठ_रोड, तुमच्या रस्त्याला तुमचं बरोबर आहे. खाण, आतला कच्चा रस्ता, कमी वेग असेल तिथे नायलॉन अजूनही टिकतो. पण धागाकर्त्याचा रस्ता समृद्धीचा आहे. नायलॉनमध्ये कापडाचे थर एकमेकांना आडवे छेदून असतात. टायर फिरताना ते एकमेकांवर घासतात आणि उष्णता तयार होते. रेडियलमध्ये बाजूला तारेचा एकच थर आणि वर स्टीलचे पट्टे, त्यामुळे तळ सपाट राहतो, घासणी कमी, डिझेलही वाचतं.

एक गोष्ट मात्र दोघांनीही पाळायची. एका ॲक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन कधीच नको. दोघांचा दबण्याचा हिशेब वेगळा असतो, जोडीत सगळं ओझं एकावर जातं.

"ओव्हरलोड सहन करतो" हे मला पटत नाही. लगेच फुटत नाही एवढंच. बीड (रिमवर बसणारी कड) आणि थर आतून सुटत जातात आणि केसिंग (टायरचा मूळ सांगाडा) रिमोल्डच्या लायकीचं राहत नाही.

हवा_आणि_पाणी
आता हवेबद्दल, कारण सगळ्यात जास्त टायर इथेच मरतात.

हवा फक्त थंड टायरची मोजायची. गाडी किमान तीन-चार तास उभी असली पाहिजे. म्हणजे सकाळी निघायच्या आधी. चाकावर टॉमी (लोखंडी दांडा) वाजवून हवा "कळते" हा गैरसमज आहे. ११० आणि ९० चा आवाज कोणाच्याही कानाला सारखाच येतो. स्वतःचा चांगला गेज ठेवा आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या खात्रीच्या गेजशी ताडून बघा.

१६ प्लायचा पूर्ण भार १२० पाउंडाला धरलेला असतो. मागे २,६२५ किलो पडत असतील तर ११५ च्या आसपास ठेवा, नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यातून घ्या. आठही टायर सारखे. ठरलेल्या हवेपेक्षा वीस टक्के खाली गेलेला टायर, म्हणजे ११५ चा ९२ वर आलेला, नुसता हवा मारून पुढे न्यायचा नाही. काढून आतून बघायचा. बाजूच्या तारा वाकून वाकून तुटायला लागलेल्या असू शकतात. अशा टायरमध्ये परत पूर्ण हवा भरताना बाजू चेन उघडल्यासारखी फाटते आणि हवा भरणारा माणूस जिवाला मुकतो. भरताना तडतड आवाज आला तर लगेच लांब व्हा आणि लांबूनच हवा सोडा.

इगतपुरी_थांबा
घाट उतरायच्या आधी टायर गरम झालेले असतात, तेव्हा दहा-पंधरा पाउंड हवा सोडायची पद्धत आहे. त्याने टायर फुटत नाही असं जुने चालक सांगतात. उन्हाळ्यात तर करतातच.

हवा_आणि_पाणी
भाऊ, ही पद्धत आहे खरी, आणि टायर मारणारी तीच आहे. गणित बघा. सकाळी ३० अंशाला ११० हवा भरली. चालून टायर आतून ७० अंशांवर गेला. तेवढ्या उष्णतेने दाब आपोआप १२६ च्या पुढे जातो. टायर बनवतानाच हे धरलेलं असतं. तुम्ही पंधरा पाउंड सोडले आणि गाडी रात्री उभी राहिली, की सकाळी त्याच टायरमध्ये पंचाण्णवच्या आसपास हवा उरते. दुसऱ्या दिवशी तो जास्त दबतो, जास्त गरम होतो, आणि चालक परत हवा सोडतो.

गरम टायरचा दाब ठरलेल्यापेक्षा वीस-पंचवीसने वर दिसला तर हवा सोडू नका. कारण शोधा. हवा कमी भरलेली असेल, माल जादा असेल, वेग जादा असेल किंवा ब्रेक धरून असेल.

नाशिक_मिसळ
मग मिसळ खायला थांबलो की हवा बघायची, ते बंद करावं लागणार!

हवा_आणि_पाणी
मिसळ अर्ध्या तासात संपते, टायर थंड व्हायला तीन-चार तास लागतात. :) थांब्यावर हवा मोजण्यापेक्षा गाडीभोवती फेरी मारा. हाताची मागची बाजू प्रत्येक टायरजवळ न्या. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर तोच आजारी. जोडीत अडकलेला दगडही तेव्हाच दिसतो.

खडूची_रेघ
पुढचा डावा बाहेरून घासतोय, त्याबद्दल.

नक्षीवरून हात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर तो टो चा, म्हणजे पुढची चाकं समोरून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा, दोष. दोन्ही पुढचे टायर बाहेरून घासत असतील तर टो-इन जास्त. दोन्ही आतून घासत असतील तर टो-आऊट. एकच टायर एकाच कडेला घासत असेल, तर टो बघाच, पण किंगपिन, टाय रॉड एंड, बेअरिंगचा खेळ आणि ॲक्सल वाकलाय का, हेही बघा. मधोमध घासला तर हवा जास्त. दोन्ही खांदे घासले तर हवा कमी. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बेअरिंग.

टो यार्डात मोजता येतो. गाडी सपाट जागेवर घ्या. पुढचं चाक जॅकवर उचलून फिरवा आणि नक्षीच्या मध्यावर खडू लावा. खिळा एका जागी टेकवून चाक फिरवा, खडूवर बारीक सरळ रेघ उमटेल. दुसऱ्या चाकालाही तेच. चाकं खाली घ्या आणि गाडी चार-पाच मीटर पुढे ढकला, म्हणजे चाकं मोकळी बसतील. मग हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर टायरच्या पुढच्या बाजूला मोजा आणि मागच्या बाजूला मोजा. फरक म्हणजे टो. तुमच्या गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडा.

तीन मिमी चूक किरकोळ वाटते. १०.०० आर २० चा व्यास साधारण १,०५० मिमी. तीन मिमी दोन चाकांत वाटून घेतले तर प्रत्येक टायर दर किमीला जवळजवळ १.४ मीटर आडवा फरफटतो. २०० किमीच्या खेपेत तो पावणेतीनशे मीटरच्या वर आडवा घासला जातो.

घाटमाथा
यात एक भर. मागचे ॲक्सल तिरपे असतील तर पुढचं अलाइनमेंट कितीही केलं तरी उपयोग नाही. गाडी एका बाजूला जाते, चालक स्टिअरिंग तिरपं धरून सरळ चालवतो, आणि पुढचा एक टायर खाल्ला जातो. मागच्या दोन ॲक्सलच्या हबच्या मध्यांमधलं अंतर डावीकडे मोजा, उजवीकडे मोजा. तीन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर टॉर्क रॉडचे (ॲक्सल जागेवर धरणाऱ्या दांड्यांचे) बुश आणि यू-बोल्ट बघा. ते ठीक झाल्यावरच पुढचा टो लावा.

वडाळा_नाका
मागचा आतला टायर आधी का संपतो, हे कोणीच सांगितलं नाही.

कारणं तीन. रस्ता मधोमध उंच असतो, त्यामुळे आतल्या टायरवर भार जास्त पडतो. ब्रेक ड्रमची उष्णता त्यालाच जास्त लागते. आणि तिसरं कारण, आतल्याचा व्हॉल्व्ह हाताला लागत नाही म्हणून त्याची हवा कोणी बघत नाही.

जोडी लावताना घेर जुळवा. झिजेत ३ मिमी फरक म्हणजे व्यासात ६ आणि परिघात जवळजवळ १९ मिमी. टायर किमीला तीनशेच्या वर फेरे घेतो, म्हणजे किमीला साडेपाच-सहा मीटरचा फरक पडतो. दोन्ही टायर एकाच हबला बांधलेले, फेरे सारखेच घेणार. मग कोणीतरी एकाने तेवढं घासायलाच हवं. १०.०० च्या मापाला व्यासातला जास्तीत जास्त चालणारा फरक १२-१३ मिमी मानतात, पण ६ च्या आत ठेवलात तर बरं. हवा भरून चोवीस तास ठेवा, मग परिघाला टेप गुंडाळून मोजा. थोडा फरक असेलच तर लहान टायर आत.

आतल्या व्हॉल्व्हला लांब नळी लावून घ्या. रबरी नव्हे, धातूची, आणि ती रिमला क्लिपने बांधलेली. टोपणही धातूचं. व्हॉल्व्हची पिन धुळीने गळायला लागली तर टोपणच हवा धरून ठेवतं.

ड्रम_गरम
कसारा घाटाबद्दल. न्यूट्रल कधीच नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. इगतपुरीवरून उतरताना वर चढायला जो गिअर लागला असता तोच किंवा त्याखालचा गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक चालू. पाय सतत ब्रेकवर ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. सतत धरलेल्या ब्रेकने ड्रम तापतो, उष्णता रिममधून बीडला जाते. बीडचं रबर शिजतं, कडक होतं, आणि टायर वरून निम्मा शिल्लक असताना केसिंग निकामी होतं. ट्यूबवाल्यात फ्लॅप (ट्यूब आणि रिममधली रबरी पट्टी) करपतो आणि ट्यूब रिमला चिकटते. एखाद्या चाकाचा फ्लॅप दर वेळी करपलेला निघत असेल तर त्याच चाकाचा ब्रेक धरून आहे. स्लॅक ॲडजस्टर, ब्रेक चेंबरची स्प्रिंग आणि शूची रिटर्न स्प्रिंग बघा.

तापलेल्या ड्रमवर पाणी टाकू नका. ओतीव लोखंड तडकतं.

अंबड_एमआयडीसी
ट्यूबलेसचं काय? मूळ प्रश्नात होतं.

रिम_२२_५
१०.०० आर २० च्या जागी २९५/८० आर २२.५ येतो. व्यास जवळजवळ तोच, १,०४४ मिमीच्या आसपास. भार क्रमांक १५२/१४८, म्हणजे एकटा ३,५५० आणि जोडीत ३,१५० किलो. पुढच्या ७ टनांचा प्रश्न यानेच नीट सुटतो. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, ट्यूबसारखी एकदम नाही. फ्लॅप नाही, ट्यूबची घासणी नाही, लॉक रिंग (टायरला रिमवर अडकवून धरणारं लोखंडी कडं) नाही.

अडचणीही ऐका. टायर बदलून भागत नाही, रिम बदलावे लागतात, स्टेपनी धरून अकरा. बोल्टचं वर्तुळ, ऑफसेट, मधलं भोक जुळलं पाहिजे. २९५ रुंद आहे, म्हणून जोडीतलं अंतर तपासा. कमी असेल तर भरल्या गाडीत दोन टायरच्या बाजू एकमेकींना घासतात आणि आतून जळतात. तुमच्या मॉडेलला गाडी कंपनीने तो आकार मान्य केलेला असेल तरच करा, नाहीतर फिटनेसला आणि विम्याला अडचण.

नवी गाडी घेणाऱ्याने डोळे झाकून ट्यूबलेस घ्यावी. चालू गाडीला सगळे रिम घालायचे की नाही, हे गाडी अजून किती वर्षं ठेवणार यावर ठरवा.

पंक्चर_पेटी
ट्यूबलेसचं पंक्चर बाहेरून काडी घालून काढतात, ती तात्पुरती सोय, यार्डात पोहोचण्यापुरती. टायर उतरवून आतून छत्रीसारखा पॅच लावून घ्या, भोक भरलं पाहिजे आणि आतून बंदही झालं पाहिजे. भोक उघडं राहिलं की पावसाचं पाणी स्टीलच्या पट्ट्यांपर्यंत जातं, तार गंजते आणि दोन महिन्यांनी पट्टा सुटतो. तेव्हा नाव कंपनीचं खराब होतं. खांद्यावर किंवा बाजूला भोक असेल तर साधा पॅच चालत नाही. फाटलेल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा ठेवून चालवतात, तो टायर हायवेवर नेऊच नका.

कांदा_खेप
खूप शिकायला मिळतंय, धन्यवाद. रिमोल्डबद्दल कोणी बोलेल का? समृद्धीवर टायरचे पट्टे पडलेले दिसतात, त्यामुळे भीती वाटते.

पेठ_रोड
ते पट्टे रिमोल्डचेच. पुढे तर कधीच लावू नका.

बफिंग
पुढे लावू नका, हे शंभर टक्के मान्य. पण रस्त्यावरचे पट्टे सगळे रिमोल्डचे नसतात. पडलेला तुकडा हातात घेऊन बघा. त्यात तारा असतील तर टायरचा स्वतःचा पट्टा सुटलाय, म्हणजे हवा कमी, भार जादा, नाहीतर गंज. नुसतं रबर गुळगुळीत सुटून आलं असेल तर रिमोल्डचं चिकटणं चुकलंय.

चांगलं रिमोल्ड केसिंगपासून सुरू होतं. टायर ३ ते ४ मिमी नक्षी शिल्लक असताना काढायचा. कायदा १.६ मिमी म्हणतो, पण तिथपर्यंत घासलात तर खडी पट्ट्यापर्यंत जाऊन तार उघडी पडते आणि शॉपवाला केसिंग परत पाठवतो.

शॉप बघताना हे विचारा. बफ केल्यावर (जुनं रबर घासून काढल्यावर) केसिंग किती वेळ पडून राहतं? बफ केलेल्या रबरावर धूळ आणि ओल बसली की कुशन गम (नवा पट्टा चिकटवणारा रबराचा थर) नीट धरत नाही, त्याच दिवशी पुढचं काम झालं पाहिजे. जखमा आत बारीक साफ करून भरतात की वरूनच पट्टा ओढतात? कोल्ड प्रोसेसमध्ये तयार नक्षीचा पट्टा लावून केसिंग चेंबरमध्ये सुमारे १०० अंशांवर शिजवतात. हॉट प्रोसेसमध्ये साच्यात कच्चं रबर सुमारे १५० अंशांवर. रेडियलला कोल्ड बरं, केसिंगवर उष्णतेचा मार कमी बसतो. पट्ट्याची रुंदी केसिंगच्या खांद्याला जुळली पाहिजे. रुंद पट्टा लावला तर वळणावर त्याचीच कड आधी उघडते.

आणि एक कळकळीची विनंती. घासलेल्या टायरला गरम पात्याने नव्या खाचा पाडून देणारे रस्त्याकडेला बसलेले असतात. ज्या टायरवर पुन्हा खाच पाडता येते असा छाप आहे आणि तळात पुरेसं रबर आहे, त्यालाच ते चालतं. बाकीच्यात पातं थेट पट्ट्याला लागतं.

हिशेबवही
वाचतेय सगळं, फार छान धागा. माझी भर फक्त आकड्यांची.

टायरचा भाव बघू नका, किमीचा भाव बघा. उदाहरणादाखल धरा, एक टायर २२,००० चा, ३ मिमीपर्यंत ८०,००० किमी गेला, मग ६,५०० चं रिमोल्ड आणि आणखी ५५,००० किमी. २८,५०० भागिले १,३५,००० म्हणजे किमीला २१ पैसे. दुसरा १७,००० चा, ६५,००० किमी गेला आणि केसिंग निकामी. किमीला २६ पैसे. पाच हजारांनी स्वस्त टायर महाग पडला. हे आकडे समजण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही भरा. नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा जुन्या बिलांशी तुलना करताना ते धरा.

प्रत्येक टायरला वहीत एक पान. नंबर, बाजूवरचे तारखेचे चार आकडे (२३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा), कोणत्या चाकावर, कोणत्या किमीला बसवला. दर १०,००० किमीला खोली मोजायची, चार ठिकाणी, आतल्या आणि बाहेरच्या खाचेत. एका मिमीला किती किमी गेले ते काढा. पुढचा टायर १५ मिमीचा, २०,००० किमीला १३ वर आला, तर मिमीला १०,००० किमी. ३ मिमीवर काढणार, म्हणजे एकूण १,२०,००० जाईल. पुढच्या मापाला हाच आकडा ७,००० वर आला तर अलाइनमेंट किंवा हवा बिघडलीय, डोळ्याला दिसायच्या आधी वही सांगते.

क्लेमसाठीही हीच वही लागते. बिल, टायरचा नंबर आणि शिल्लक खोली यावर कंपनी भरपाई ठरवते. हवा कमी असताना चालवलेल्या टायरच्या आतल्या बाजूला काळपट सुरकुतलेला पट्टा दिसतो. तो दिसला की क्लेम मिळत नाही.

आडगाव_टर्मिनस
हिशेबवही ताई, हे छापून ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लावण्यासारखं आहे.

नायट्रोजन भरावा का?

हवा_आणि_पाणी
भरला तर वाईट नाही. कोरडा असतो, रबर आणि तार आतून कमी सडते. पण गरम झाल्यावर दाब त्याचाही हवेइतकाच वाढतो, आणि मोजायचा कंटाळा केला तर नायट्रोजनही वाचवत नाही. पैसे वाचवायचे असतील तर स्वतःच्या कंप्रेसरच्या टाकीचं पाणी रोज काढा.

लॉक_रिंग
ट्यूबवाले ठेवणार असाल तर हे वाचाच. चाकाचे नट ढिले करायच्या आधी दोन्ही टायरची हवा पिन काढून पूर्ण सोडायची. आतल्याचीही. रिम तडकलेला असेल आणि नट काढले तर दाबाने रिंग सुटून अंगावर येते. हवा भरताना रिंग पूर्ण बसली आहे का, ते कमी हवेवर बघा. बसली नसेल तर हवा सोडून परत बसवा, भरलेल्या टायरच्या रिंगवर घण मारू नका. पिंजरा नसेल तर चाकाला जाड साखळी गुंडाळा, रिंगची बाजू माणसापासून उलटी ठेवा, आणि लांब नळीने हवा भरा. वाकलेली, गंजून पातळ झालेली रिंग भंगारात.

नव्या टायरला नवी ट्यूब आणि नवा फ्लॅप, कायम. वापरलेली ट्यूब ताणून मोठी झालेली असते. नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि त्याच घडीवर ती फाटते. ट्यूब रेडियलसाठीची आहे ना, ते छापील बघून घ्या. चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे आवळा आणि ५० ते १०० किमीवर परत एकदा आवळा.

सातपूरकर
एवढं वाचल्यावर माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. नाव नंतर बघू, आधी काटा.

कांदा_खेप
काट्यावर नेली. पुढे ६,३८०, मागे २१,०४०. म्हणजे पुढचे १६ प्लाय जादा भार घेत होते, आणि मागेही चाळीस किलो वर गेले. हबमधलं अंतर डावीकडे ५ मिमी कमी निघालं. टॉर्क रॉडचे बुश गेलेत. म्हणून ठरवलं ते असं. आधी बुश, मग टो. पुढे १८ प्लाय रिब नवे, रिमवरचा दाब बघून. मागे सेमी-लग १६ प्लाय, आठही एकाच मापाचे, ट्यूब-फ्लॅप नवे. सध्याचे मागचे ५ मिमीवर आहेत. त्यातले चांगले केसिंग कोल्ड प्रोसेसला देतो, ते पुढच्या वर्षी मागेच लागतील. कांदा भरताना दोन गोण्यांचे थर मागे सरकवू का, म्हणजे पुढचा भार कमी होईल?

घाटमाथा
सरकवू नका. पुढचं ६,३८० अठरा प्लायला चालतं. मागे तुम्ही २१ टनाच्या आधीच ४० किलो वर आहात. एक गोणी कमी भरा.

वडाळा_नाका
आणि जोड्या बसवताना आतल्या आणि बाहेरच्या टायरचे व्हॉल्व्ह समोरासमोर ठेवा, एक वर तर एक खाली. गेज दोन्हीला लागेल, आणि अंधारात नुसत्या हाताने चाचपलं तरी कळेल की आतला कुठला.